"गोवर आता कुठे असतो?"

सकाळपासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आज आशाताई यादी घेऊन सोसायटीत आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला नऊ महिने पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाचं इंजेक्शन राहिलंय. मी जिन्यातच होते. बाळाची आई दार अर्धवट उघडून म्हणाली, "आम्ही नाही देणार. गोवर आता कुठे असतो? आणि झालाच तर होऊ दे, नॅचरल इम्युनिटी येते." दार बंद. आशाताई काही न बोलता खाली उतरल्या.

माझ्या धाकट्या मावशीला गोवर झाला १९७१ साली. तीन वर्षांची होती. आजीच्या गावात तेव्हा गोवर म्हणजे देवीचं मानायचे. औषध द्यायचं नाही, अंधाऱ्या खोलीत निजवायचं, उशाशी कडुनिंबाचा पाला. पुरळ गेलं, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. आजही तांदूळ निवडताना मावशी ताट डाव्या बाजूला ओढून घेते आणि मान जरा तिरकी करते. उजवीकडून कुणी अचानक आलं की दचकते.

मिळाली तिला नॅचरल इम्युनिटी. पुन्हा गोवर झाला नाही. त्यासाठी डोळा गेला!

लस तेच काम करते, डोळा न घेता. विषाणू दुबळा करून टोचतात. शरीर त्याला ओळखून घेतं, त्याच्याशी लढायला शिकतं आणि ते वर्षानुवर्षं विसरत नाही. खऱ्या गोवराचं उलट. आधीच्या आजारांशी लढायचं जे शरीर शिकलेलं असतं, तेही तो बरंचसं पुसून टाकतो. म्हणून गोवरातून उठलेली लेकरं पुढे कितीतरी दिवस न्यूमोनिया, जुलाब असल्या दुखण्यांनी बेजार होतात.

आणि कुठे असतो म्हणे! २०२२ च्या शेवटी मुंबईत, गोवंडीत मुलं दगावली गोवराने. इतक्यात विसरलो आपण? संरक्षण नसलेली माणसं आजूबाजूला असतील तर एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना होतो हा आजार. रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू बंद खोलीतल्या हवेत राहतो. आपली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. पहिल्या मजल्यावर पाच महिन्यांची मुलगी आहे. तिची लशीची वेळच आलेली नाही आणि आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरत चाललंय. शंभरातल्या पंचाण्णव जणांनी लस घेतलेली असेल, तरच गोवर तिच्यापर्यंत पोचायचा थांबतो. तिच्या आईला कुणी विचारलं का, की वरच्या मजल्यावर लस नको म्हणतायत, चालेल ना?

लशीनंतर ताप येतो, मान्य. कधी थोडं पुरळही येतं. फारच क्वचित मोठी रिॲक्शन येते, म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची ती आई बाळाला घेऊन खाली आली होती. त्याला दात येतायत, रात्रभर रडतो म्हणाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सकाळचा माझा राग तिथे जरा ओसरला. एवढ्या जागरणात मोबाइलवर कुणी काय काय घाबरवून ठेवलं असेल तिला. गोवर झालेलं मूल तिने पाहिलेलंच नाही.

आजीने पाहिलं होतं. गोवराची लस आपल्या सरकारी लसीकरणात आली १९८५ साली, मावशी तेव्हा सतरा वर्षांची. पुढच्या वर्षी माझा भाऊ झाला. तो नऊ महिन्यांचा झाल्यावर आजी त्याला कडेवर घेऊन उन्हातून तीन किलोमीटर आरोग्य केंद्रात गेली. देवीवर विश्वास असलेली आजी! कुणी सांगावं लागलं नाही तिला.

आत्ताच मावशीला फोन केला. म्हटलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीशी बोलशील का?

"येते की रविवारी," म्हणाली. "पण तू तिला रागावू नकोस. आणि आधी बाळाला मांडीवर घेऊ दे मला."