आला तसा पाठवला

सकाळी सहाच्या आत उठत जा. गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून टाकणारे काका तुमच्या आधी जागे झाले, तर दिवसभर तुम्ही मागेच राहाल. पेपर उघडायची गरज नाही, तो रद्दीच्या भावापुरता ठेवा. बातमी हल्ली फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात आपणहून येते आणि येताना हात जोडून येते.

आता मुख्य नियम. मजकूर वाचायचा नाही, लांबी बघायची. 'अधिक वाचा' दिसलं की समजायचं, माहिती सखोल आहे. खाली मोठ्या डॉक्टरचं किंवा निवृत्त न्यायाधीशाचं नाव असेल तर सोन्याहून पिवळं. त्या नावाचं कुणी आहे का हे शोधत बसणं म्हणजे थोरामोठ्यांवर अविश्वास! वर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचे दोन बाण असतील तर आणखीच उत्तम. एवढ्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे खोटं कसं असेल?

जुना माल टाकून देऊ नका. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवल्याचा मेसेज दर ऑगस्टमध्ये चालतो. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही, पण म्हणून आपण अभिमान का सोडायचा? २०१६च्या नोटाबंदीत दोन हजारांच्या नोटेतली चिप जमिनीखालूनही सिग्नल देत होती. ती नोट २०२३मध्ये मागे घेतली गेली, बहुधा चिपसकट.

मेसेजखाली 'आला तसा पाठवला, खात्री करून घ्यावी' ही ओळ मात्र हवीच. तिने जबाबदारी पुढच्याच्या गळ्यात पडते, आणि तो वाचत नसल्याने त्याच्याही पुढच्याच्या.

२०१८मध्ये एक व्हिडिओ देशभर असाच फिरला. मोटारसायकलवर दोघं येतात, पोराला उचलतात, पसार होतात. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली. तिच्यात शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. बाकीच्यांनी काहीच केलं नाही, फक्त पाठवला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मेलेलेही पाच. हा योगायोग मात्र कुठल्या ग्रुपवर फिरला नाही.

तुम्ही खचू नका. पाच-पाच करत पाठवा. पेपर बंद केल्याने वेळ आहेच. २०२०पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, त्यावरही तोड आहे. मजकूर कॉपी करा आणि नव्याने चिकटवा. बाण गेले, मर्यादा गेली, वर 'काय सुंदर लिहिलंय!' अशी दादही तुम्हालाच.

एखादी शिकलेली भाची खोट्या बातम्या तपासणाऱ्या सरकारी 'पीआयबी फॅक्ट चेक'ची लिंक टाकेल. वाद घालू नका. 'बाळा, चांगल्या हेतूने पाठवलं होतं' एवढं लिहा आणि आज कुणाचा वाढदिवस आहे का बघा. नसेल तर चतुर्थी, एकादशी काहीतरी असतंच. शुभेच्छांच्या ढिगाखाली तासाभरात ती लिंक गाडली जाते. भाची वैतागून ग्रुप सोडेल. लगेच स्क्रीनशॉट काढा आणि तिच्या आईला पाठवा.