काय मेन्टेन केलंयस गं!

आज एका साखरपुड्याला गेले होते. जिलबी-मठ्ठ्याचा बेत, फोटोग्राफरची घाई, सगळं नेहमीसारखं. माझी भाचीही आली होती, आईची हिरवी पैठणी नेसून. पंगतीत तिने जिलबी मागून घेतली. मी समोरच्या रांगेतून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घे बाई, घे. तेवढ्यात नात्यातल्या एक काकू आल्या, तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि चारचौघांत म्हणाल्या, "अगं, केवढी भरलीस! बारावीत असताना काय सुंदर मेन्टेन केलं होतंस!"

भाची क्षणभर थांबली, मग "हो ना काकू" म्हणाली आणि जिलबी संपवली. तिने संपवली हो. माझंच डोकं फिरलं. घरी येऊन अजून साडी बदललेली नाही, आधी हे टाइप करतेय.

तर बारावीत तिने नेमकं काय "मेन्टेन" केलं होतं ते सांगते. तिला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझं नाव नको आणि एकही आकडा नको," असं तिचं म्हणणं. नाव का नको ते कळलंच. आकडा नको, कारण अॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच सोडत जाण्याचा हा आजार, ज्यांना आहे त्यांना दुसऱ्याच्या वजनाचा आकडा वाचला की तो शर्यतीसारखा वाटतो. म्हणून किलो नाहीत, कॅलरी नाहीत. ज्यांना आकड्याशिवाय पटत नाही त्यांनी इथेच थांबावं.

दहावीनंतर ती बार्शीहून आमच्याकडे पुण्यात आली, क्लाससाठी. आधी साखर सोडली. मग भात. मग पोळीचं तेल, मग पोळीच. मग उपवास सुरू झाले. गुरुवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या ताकावर. बार्शीहून आजीचा फोन, "पोरीची श्रद्धा बघ केवढी!" न जेवणं लपवायला आपल्या घरांसारखी सोयीची जागा जगात नसेल. इथे उपाशी माणसाला कोणी "का" असं विचारत नाही, उलट नमस्कार करतात. (उपवासाला माझा विरोध नाही, संकष्टी मीही करते. पण मला चंद्रोदयाची घाई असते, तिला नसायची. फरक तिथेच कळायला हवा.)

डबा मात्र रोज रिकामा यायचा, घासून-पुसून. एक दिवस वॉचमनकाका मला म्हणाले, "ताईंना सांगा, मोत्याला आता डॉक्टरने पोळी बंद सांगितलीय." मोत्या म्हणजे सोसायटीचा कुत्रा. ती क्लासला निघायची त्या वेळेला तो गेटपाशी येऊन बसायचा.

एप्रिलमध्ये, पुण्याच्या एप्रिलमध्ये, ती पंखा बंद करून स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके. हातांवर बारीक लव आली होती. पाळी बंद झाली तर एका डॉक्टरांनी पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या, वजन कशाने उतरलं ते विचारलंही नाही. दुसऱ्यांनी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली. आणि लक्षात घ्या, या सगळ्या काळात लग्नकार्यात तिचं कौतुक चालू होतं. काय फिगर आहे! काय कंट्रोल आहे! आमच्या हिला जरा शिकव गं! पोरगी आतून विझत चालली होती आणि बाहेर टाळ्या पडत होत्या.

होळीला तिने सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या. तीन तास ओट्याशी उभी. गरम पोळीवर तूप घालून एकेकाला आग्रहाने वाढलं. स्वतः पुरण चाखूनही बघितलं नाही, गोडाचा अंदाज मला विचारला. रात्री दिवा घालवून पांघरुणात मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसायची. मला वाटायचं, खाण्याचा एवढा ध्यास, मग खात का नाही? उत्तर नंतर सायकॉलॉजिस्टकडून कळलं. 1944-45 मध्ये अमेरिकेत, मिनेसोटात, 36 धडधाकट तरुण स्वेच्छेने एका प्रयोगात राहिले होते. त्यांना सहा महिने जवळजवळ निम्म्या खाण्यावर ठेवलं. ते पुरुष पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, ताटं चाटायला लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. डोकं दिवसभर फक्त अन्नाभोवती. म्हणजे ज्याला आपण मुलीचा "स्वभाव बदलला" म्हणतो, त्यातला बराचसा भाग नुसत्या उपासमारीचा असतो. भुकेल्या मेंदूशी वाद घालून काही उपयोग नाही, आधी त्याला जेवायला घालावं लागतं.

पहिल्यांदा ज्या काउन्सेलरकडे नेलं त्या म्हणाल्या, अभ्यासाचं टेन्शन आहे, मेडिटेशन करा, मन घट्ट करा. फी घेतली ती घेतलीच. मान्य आहे, सगळे थेरपिस्ट चांगले नसतात. सगळे सुतार तरी कुठे चांगले असतात? म्हणून कोणी दार बसवायचं थांबत नाही.

मग एका फिजिशियननी तिला आडवं झोपवून नाडी मोजली, उभं करून परत मोजली, ईसीजी काढला, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस बघितलं आणि त्याच दिवशी अ‍ॅडमिट करून घेतलं. हृदयाचे ठोके इतके मंदावले होते. सायकियाट्रिस्टनी पहिल्यांदा अ‍ॅनोरेक्सिया हे नाव उच्चारलं. मानसिक आजारांपैकी सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या आजारांत याचा नंबर आहे, हेही तेव्हाच सांगितलं. तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, तोवर म्हणत होते, "दोन दणके दिले असते तर सुतासारखी सरळ झाली असती." त्या दिवशी ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

बातमी कळताच आजी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीने निघाल्या. डॉक्टरांनी हात जोडले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदयही बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांत हे दिसलं होतं. त्यामुळे "चार दिवस माहेरी पाठवा, खाऊपिऊ घाला" हाही इलाज नव्हे. खाणंसुद्धा डॉक्टरच्या हिशेबाने वाढवायचं असतं.

खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात 1980 च्या दशकात आकाराला आलेली पद्धत आहे, आई-वडिलांनाच उपचारात घेणारी. सुरुवातीला मुलीच्या जेवणाचे सगळे निर्णय मोठ्यांचे. काय, किती, कधी, सगळं. मग जमेल तसं एकेक तिच्या हातात परत द्यायचं. ताई, म्हणजे तिची आई, शाळेतून बिनपगारी रजा घेऊन आली. तीन जेवणं, मधली खाणी, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी.

वरणभाताच्या एका मुदीला सव्वा तास लागायचा. ती चमच्याच्या टोकाने तूप बाजूला सारून ताटाच्या कडेला लावून ठेवायची, कोणाला दिसत नाही असं समजून. एकदा ताट भिंतीवर गेलं. वरणाचा पिवळा ओघळ दिसायचा तिथे, रंगकाम करेपर्यंत. "मावशी, तू मला जाड करून मारणार आहेस" असं म्हणायची, आणि त्याच रात्री कुशीत येऊन झोपायची. आम्हाला शिकवलं होतं: वाद नाही, विनवण्या नाहीत, पोषणमूल्यांचं व्याख्यान नाही. "हे तुझं औषध आहे आणि मी इथेच बसलेय." एवढंच, हजार वेळा.

जेवणानंतरचा तास सगळ्यात वाईट. आत जाऊन ओकू नये, उठाबशा काढू नयेत, म्हणून तिला एकटं सोडायचं नसे. मग मेंढीकोट. दणके द्यायला निघालेले भाऊजी पत्ते पिसायचे. हुकूम बोलताना भांडणं व्हायची आणि ती खरोखरची भांडणं असायची, आजाराची नव्हे. ती भांडायला लागली याचाच आनंद.

वजन आधी आलं. मन खूप मागून आलं. लोक इथेच फसतात, आता दिसते ठीक म्हणजे झाली बरी! अहो, वजन भरल्यावरचा काळ तर सगळ्यात घाबरवणारा होता तिच्यासाठी. तेव्हाच सेशन्स जास्त लागली. आणि नेमकं तेव्हा कोणीतरी दंड धरून सांगणार, भरलीस.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं म्हणणारे आता येतील. ताई शिक्षिका, भाऊजी सोसायटीत क्लार्क. कसले चोचले? इन्स्टाग्रामचं खूळ म्हणणारेही येतील. लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या लासेग यांनी हा आजार 1873 साली वर्णन केला. तेव्हा कुठलं इन्स्टाग्राम? बरं, पडद्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही, ते कबूल. फिजी बेटांवर एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला, तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींपैकी शंभरात अकरा जणी वजनासाठी ओकारी काढत होत्या, आधी एकही नव्हती. पण पडदा निव्वळ बोलत राहतो. दंड धरून मापायला माणूसच लागतो.

आणि बारीक मुलगी म्हणजेच आजार, असंही समजू नका. खाऊन ओकणाऱ्यांचं वजन बहुतेकदा चारचौघांसारखं असतं, कोणाला पत्ता लागत नाही. दातांच्या डॉक्टरला आधी कळतं, कारण आम्लाने दात आतल्या बाजूने झिजतात. रात्री चोरून डब्यातलं सगळं संपवणारी आणि मग स्वतःचा तिरस्कार करत झोपणारी मुलगी जाड असली तर तिला आपण "जिभेवर ताबा ठेव" म्हणतो. त्या आजाराला तर मानसोपचाराच्या अमेरिकन सूचीत स्वतंत्र जागा मिळायलाच 2013 उजाडलं. मुलगेही आहेत. जिमच्या नावाखाली काय काय खपतं ते बघा जरा.

आता राग थोडा उतरलाय. काकूंबद्दल खरं सांगायचं तर, त्यांच्या ताटात आज नुसती कोशिंबीर होती. साठी उलटली तरी "मला गोड नको, फार वाढलंय" हेच पालुपद. कांदेपोह्यांच्या वेळी त्यांना कोणी काय ऐकवलं असेल ते मी ऐकलेलं नाही, पण अंदाज आहे. त्यांच्यावर पूर्ण रागावताही येत नाही. बोलायला मात्र लागणारच, फोन करणार आहे.

थेरपी महाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही एफडी मोडली. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं, तेव्हा पॉलिसीचे कागद काढून वाचा आणि भांडा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सुरुवात तिथून करता येते. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना. आणि पहिल्या डॉक्टरने उडवून लावलं तर दुसरा गाठा.

कोणाच्या घरी असं काही चालू असेल तर इनबॉक्समध्ये या, रात्री उशिरा लिहिलंत तरी चालेल. कमेंटमध्ये डाएट प्लॅन, जिरं-पाण्याचे उपाय आणि "आधी-नंतर"चे फोटो टाकू नका. टाकलेत तर डिलीट करीन, आणि वर भांडेनही.