बाटली उलटी करून ग्लिसरीन निघत नाही, त्या मेसेजमधलं बाकीचंही तसंच

उन्हाळा आला की "घरी बियर कशी प्यावी" हा मेसेज नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. बाटली पाण्यात उलटी धरून ग्लिसरीन काढा, बियर गोठायला येईपर्यंत गार करा आणि ग्लासही फ्रीझरमध्ये ठेवा, फेस येऊ देऊ नका, गढूळ दिसली तर खराब समजा, काळी बियर स्ट्राँग असते, आणि वाईनसारखी बियरही जितकी जुनी तितकी भारी, असं सगळं त्यात आहे. हल्ली वाईन शॉपमध्ये विटबियर (गव्हाची), आयपीए (हॉप्स नावाच्या कडू, सुवासिक फुलांचा भरपूर वास असलेली), स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी) मिळतात, काहीजण पुण्याच्या ब्रूअरीतून ग्राउलर, म्हणजे ताजी बियर न्यायची मोठी बाटली, भरून आणतात, आणि अशा बियरवर हे सल्ले वापरले तर ज्या चवीसाठी जास्त पैसे मोजले तीच हातची जाते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ग्लिसरीन, कारण हे सगळ्यात जास्त पसरलंय आणि शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून ती पाण्याच्या ग्लासात उलटी करतात, अंगठा काढला की तेलकट दिसणाऱ्या रेषा खाली उतरतात आणि सगळे म्हणतात बघ, निघालं. जे निघतं ती बियरच असते. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, सगळी साखर काही आंबत नाही, थोडी उरते, त्यामुळं बियरची घनता पाण्यापेक्षा जराशी जास्त असते, साधारण १.०१, म्हणून बियर खाली येते आणि तिच्या जागी पाणी वर बाटलीत शिरतं. दोन वेगळ्या घनतेचे द्रव मिसळताना त्यांच्यातून जाणारा प्रकाश वाकतो, त्या रेषा दिसतात. खात्री करायची तर रिकाम्या बाटलीत पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून हाच प्रयोग करा, त्याच रेषा दिसतील आणि त्यात तर ग्लिसरीनचा थेंब नाही. बियरमध्ये ग्लिसरीन थोडं असतंच, कुणी ओतावं लागत नाही, यीस्ट आंबवताना स्वतःच बनवतं, लिटरमागे एक-दोन ग्रॅम, आणि वाईनमध्ये ते त्याहून जास्त असतं. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यामुळं बाटली उलटी केली म्हणून एकटं वेगळं होऊन बाहेर येऊच शकत नाही. म्हणजे ह्या प्रकारात तुम्ही चांगली बियर पाण्यात घालवता आणि उरलेल्या बियरमध्ये नळाचं पाणी मिसळून पिता, गॅस जातो तो वेगळाच.

आता थंडीचं. एकदम गार असली की जीभ बधिर होते आणि वास उडतच नाही, आणि बियरची निम्मी चव वासातच असते. लागर, पिल्सनर, म्हणजे नेहमीची पिवळी बियर, ४ ते ७ अंशांना छान लागते, गव्हाची बियर ५ ते ८, आयपीए ७ ते १०, आणि स्टाउट तर १० ते १३, तेव्हाच त्यातला कॉफी-चॉकलेटसारखा वास वर येतो. थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही, लागर फ्रीजमधून काढून लगेच ओता, स्टाउट बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, एप्रिलमध्ये दहासुद्धा पुरतात. फ्रीझरमधल्या ग्लासवरचा बर्फ वितळून बियरमध्ये पाणी होतं, त्या खरखरीत थरावर गॅस भसाभसा सुटतो, आणि फ्रीझरमधल्या मासळीचा वास लागला तर संपलंच. गंगापूर धरणाकडं वाईन टेस्टिंगला बसलं की हेच आपण ग्लास फिरवून वास घेतो, रेड वाईनमध्ये बर्फ टाकणाऱ्याला अडवतो, मग बियरला फ्रीझरमधला ग्लास का?

फेस म्हणजे फसवणूक, हेही तितकंच चुकीचं. फेस बनतो धान्यातल्या प्रोटीनमुळं आणि हॉप्समधल्या कडू घटकांमुळं, त्यात वास धरून राहतो, आणि ओतताना जो गॅस सुटत नाही तो पोटात जाऊन सुटतो, पोट फुगल्याची तक्रार करणाऱ्यांनी एकदा नीट फेस काढून पिऊन बघावं. ग्लास तिरका धरून अर्ध्यापर्यंत ओता, मग सरळ करून मधोमध ओता, वर दोन बोटं फेस आला पाहिजे. येतच नसेल तर बहुतेक वेळा ग्लास तेलकट असतो, आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो नीट धुतलेला नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, फडक्यानं पुसू नका, उपडा ठेवून वाळू द्या. आणि चकण्याचंही बघा, तेल फेसाचा शत्रू आहे, तळलेले शेंगदाणे किंवा मिसळीचा रस्सा ओठांवर असताना घोट घेतला की जिथं ओठ टेकले तिथला फेस डोळ्यांदेखत बसतो. मिसळ सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, घोट घेण्याआधी ओठ पुसा एवढंच.

गढूळ बियर खराब नसते, जर्मन हेफेवाइझन गढूळच असते, गव्हाचं प्रोटीन आणि यीस्ट त्यात मुद्दाम ठेवलेलं असतं, केळं-लवंगेचा वास त्या यीस्टनंच तयार केलेला. तीन चतुर्थांश ओता, उरलेली बाटलीत हळू फिरवून वरून घाला. मात्र जी पिल्सनर स्वच्छ दिसायला हवी ती गढूळ आणि आंबट निघाली तर ती नक्की बिघडलेली, परत करा. काळ्या रंगाचा अल्कोहोलशी संबंध नाही, तो भाजलेल्या धान्यातून येतो, गिनेस ड्राफ्ट ४ टक्क्यांच्या जरा वर असते आणि आपली पिवळीधमक स्ट्राँग बियर ८ टक्क्यांपर्यंत जाते.

राहिलं जुनी बियर. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाईन असे मोजके जड प्रकार ठेवून सुधारतात, बाकी सगळ्या ताज्याच चांगल्या, आयपीएचा हॉप्सचा वास तर काही महिन्यांत उतरतो. म्हणून खरेदी करताना बाटलीवरची तारीख वाचाच. ऊनही लागू देऊ नका, प्रकाशानं हॉप्समधले घटक तुटून कुबट वास येतो, हिरव्या बाटलीत तर फारच लवकर, तपकिरी बाटली किंवा कॅन बरा. ग्राउलर असेल तर घरी पोहोचल्या पोहोचल्या फ्रीजमध्ये उभा ठेवा आणि एकदा उघडला की एक-दोन दिवसांत संपवा.