सातवी पास कॉम्प्युटरचा अकरावीचा प्रवेश

सप्टेंबरातली गोष्ट. शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप पडला होता, ‘पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा आजच्या आज भरावा.’ तांदूळ मोजून झालेला होता, लाइन होती, रेंजसुद्धा होती. हे तीन ग्रह आमच्या गावात एकाच वेळी एका घरात क्वचितच येतात. मी आकडा टाकायला बोट उचललं आणि तेवढ्यात अख्खा पडदा व्यापून एक सूचना उगवली. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 10 ची, म्हणजे माझा कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या प्रणालीची, सेवा बंद होणार, पुढचं काय ते ठरवा.

मी ती मराठीत करून मोठ्यानं वाचली. बायको ओसरीत अंबाडीची भाजी निवडत होती.

“कोणाचं काय बंद होते?”

“विंडोज दहाचं. आता अकरा घ्या म्हणते.”

“दहा तरी तुमाले कुठं येऊन राहिलं?” तिनं देठ मोडत विचारलं.

तांदळाचा आकडा त्या दिवशी राहूनच गेला.

हा कॉम्प्युटर मी 2017 च्या उन्हाळ्यात यवतमाळहून आणला. मॉनिटर मांडीवर, डबा पायांत आणि कीबोर्ड शेजारच्या आजीबाईच्या मांडीवर, असा दारव्ह्यापर्यंत एसटीनं आला. त्याच वर्षी परहाटीवर, म्हणजे कपाशीवर, गुलाबी बोंडअळी आली, आणि गावातल्या काही जाणत्यांनी बरेच दिवस दोन्हींचा संबंध जोडला. तेव्हापासून त्यानं काय नाही केलं? निकाल लावले, सातबारे छापले, सोयरिकीसाठी पोरांचे बायोडाटे सजवले. करोनात मी त्याला एक वेबकॅम बसवला आणि ओसरीतून सातवीला भूमिती शिकवली. आठ वर्षांत तो कधी आजारी पडला नाही. त्याच्या मरणाची तारीख मात्र आधीच ठरलेली होती.

पुण्याला हिंजवडीत असलेल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, बंद नाही पडणार तो. चालतच राहणार. फक्त सिक्युरिटीचे अपडेट येणार नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे भोकं पडत राहणार, बुजवणारं कोणी नसणार.”

हे मला नीट कळलं. वावर तेच, पीक तेच, फक्त मचाणावरची जागल बंद. रोही आणि रानडुकरं त्याच रात्री येतील असं काही नाही. पण जागल बंद झाल्याचं त्यांना कसं कळतं, हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

विंडोज 11 येऊन चार वर्षं झाली होती, 2021 च्या ऑक्टोबरपासून ती दारात उभीच होती, आणि तीही फुकट. अट एवढीच की आपला कॉम्प्युटर लायक पाहिजे. ती लायकी तपासणारं एक ॲप असतं. ते चालवलं आणि समोर चक्क गुणपत्रक आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची गुणपत्रकं भरली, आता घरच्या पोराचं हातात आलं होतं. वेगात प्रथम श्रेणी. साठवणीत डिस्टिंक्शन, कारण 64 जीबी मागितली होती आणि इथं एक टीबी पडलेली. मेमरी चार जीबी लागते, आहे चारच. म्हणजे पस्तीस मार्क, काठावर पास. आणि टीपीएम 2.0 नावाच्या विषयात भोपळा.

टीपीएम म्हणजे, भाच्याच्या समजावण्यातून मला जेवढं कळलं तेवढं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून बसलेली आजी. घरातली कुलपं तिच्या ताब्यात असतात. भाचा म्हणाला, “मामा, तुमच्या मशिनमध्ये ती आहे. झोपलेली आहे. उठवावी लागेल.”

तिला उठवायला एक रात्र गेली. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबायचं आणि त्याच्या पोटात शिरायचं. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून मी उभा, पुण्याहून भाचा सांगतोय, “खाली, मामा, खाली... अजून खाली... वर!” पहिल्या वेळी मी बटण उशिरा दाबलं. दुसऱ्या वेळी लवकर. तिसऱ्या वेळी अगदी वेळेवर दाबलं आणि लाइन गेली. शेजारचे काकाजी अंगणातून हे बघत होते. ते म्हणाले, “पोटात हात घालून नका राहू गुरुजी. गाय असो का मशिन, डॉक्टर बलावा.” रात्री साडेअकराला आजी उठली. गुणपत्रकात हिरवी खूण आली. मी बायकोला उठवून दाखवली. तिनं एक डोळा उघडून “बरं हाय” म्हटलं.

मग खालची ओळ दिसली. ती आधीपासून तिथंच होती. प्रोसेसर चालत नाही.

माझा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, सातव्या पिढीचा आहे. अकरासाठी इंटेल कंपनीचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सातव्या पिढीतले काही मोजके निवडक घेतले आहेत, पण आमचा आय थ्री त्या यादीत नव्हता. थोडक्यात, पोरगं सातवी पास, आणि अकरावीच्या प्रवेशाला किमान आठवी पाहिजे. मी ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो ती सातवीपर्यंतच आहे. आठवीला पोरांना दारव्ह्याला जावं लागतं. सकाळची एसटी चालू राहिली तर पोरी आठवीत बसतात, बंद झाली तर घरी बसतात. त्यामुळे ‘सातवीनंतर अडकला’ हे वाक्य मला नवीन नव्हतं. ते पडद्यावर कधी वाचलं नव्हतं, इतकंच.

आणि या अटी घालणाऱ्यांचा स्वतःचा शैक्षणिक इतिहास तरी पाहा! सात झाली, आठ झाली, आणि मग नऊ न काढता थेट दहा. आठवीतून सरळ दहावीला बसायला आमच्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यांनी भरला असेल तर मला माहीत नाही.

भाच्यानं मागच्या दाराचाही रस्ता सांगितला. अटी गाळून अकरा बसवता येते, पण मग पुढचे अपडेट मिळतील याची कंपनी हमी देत नाही. म्हणजे प्रवेश मिळेल, हजेरीपटावर नाव नसेल. असली पोरं मी आयुष्यभर सांभाळली आहेत, आणखी एक घरात नको होतं.

नवा कॉम्प्युटर घ्यावा तर दुकानदारानं चाळीस हजार सांगितले. हिशेब केला. कापसाचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल होता, म्हणजे पाच क्विंटल कापूस. सोयाबीन त्याच हंगामाच्या 5,328 च्या हमीभावानं साडेसात क्विंटल, आणि बाजारात तो भाव मिळत असता तर मी हा लेख नव्या कॉम्प्युटरवर लिहीत असतो.

गावात बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. काकाजींचा मुद्दा शकुंतलेचा होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही छोटी गाडी आमच्या दारव्ह्यावरूनच जायची. “तिचं इंजिन 1921 सालचं, विलायतेतून आलेलं. 1994 पर्यंत ओढली गाडी त्यानं. कोनी अपग्रेड केलं होतं त्याले?”

“मग काढलंच ना काकाजी. डिझेल आलं.”

“आलं नं. आता कुठं हाय गाडी?” आता रुळांवर गवत आहे, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

कृषी केंद्रवाला मात्र उलट बाजूनं आला. “गुरुजी, नवीन वाण आलं की जुनं सोडाच लागते. कपाशीचं बीटी आलं 2002 ले, त्याच्यापुढचं बीजी टू आलं 2006 ले. तुमी बदलले का नाही?” बदललं होतं. 2017 ला अळीनं ते वाण पचवून ढेकरही दिली होती, हे आम्हां दोघांनाही आठवत होतं, पण त्याचं दुकान आणि माझी उधारी, दोन्ही जुनी असल्यानं कोणी काही बोललं नाही.

या सगळ्यात मला आठवत होती ती शाळेतल्या पहिल्या कॉम्प्युटरवरची हिरवी टेकडी. विंडोज एक्सपी या जुन्या विंडोजची. ती सुरू झाली की काकाजी खिडकीतून विचारत, “हे वावर कोनाचं हाय? तण नाही एक.” पुढे कळलं की ते कॅलिफोर्नियातलं खरंखुरं रान आहे, 1996 साली टिपलेलं. तिथं आधी द्राक्षाचे वेल होते, ते किडीनं खाल्ले म्हणून उपटले आणि मग गवत उगवलं. मी हे काकाजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मंग नुकसानभरपाई भेटली का त्याले?” त्या एक्सपीचीही सेवा 2014 च्या एप्रिलात संपली. शाळेतला तो डबा त्यानंतरही तीन वर्षं प्रश्नपत्रिका काढत होता. त्याला इंटरनेट माहीत नव्हतं आणि इंटरनेटला तो.

दसऱ्याला भाचा आला. मी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं, आणि त्यानं त्याच पानाशेजारी एक पेनड्राइव्ह ठेवला. “मामा, लिनक्स. विंडोजच्या जागी चालते. फुकट. जुन्या मशिनवर पळते. आधी नुसतं पेनड्राइव्हवरून बघा, तुमचं काही पुसलं जाणार नाही.” काकाजींनी फुकट हा शब्द ऐकून खुर्ची जवळ ओढली. हे 1991 साली फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलं, याचं चिन्ह पेंग्विन आहे, असं भाचा सांगायला लागला.

“बर्फातला पक्षी? बाप्पा, मे महिन्यात इथं पंचेचाळीस अंश जाते.”

पण पळालं बरं का. माझा जुना डबा पहिल्यांदाच माझ्या आधी तयार झालेला पाहिला. प्रिंटरसुद्धा काही न मागता जोडला गेला. मी हरखून एका पोराचा बायोडाटा उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस यांची खिचडी. माझं सगळं लेखन कृती देवमध्ये आहे, आणि तो फाँट नसला की मराठीखालचं इंग्रजी उघडं पडतं. वरच्या ओळीत ‘श्री गणेशाय नमः’ होतं, तिथं विसर्गाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आलं होतं. काकाजी वाकून पाहत म्हणाले, “गनपतीले नमस्कार किती टक्के केला हाय?”

फाँट टाकल्यावर ते सुधारलं. पण निकालपत्रकाच्या फाइलीत एक हिरवं बटण आहे. कोण्या शिक्षकानं बनवलेली ती फाइल ग्रुपवरून फिरत फिरत माझ्याकडे आली. ते बटण दाबलं की अख्ख्या वर्गाची प्रगतिपत्रकं धडाधड निघतात. लिनक्सवर ते बटण नुसतंच हिरवं राहिलं. मी बारा वेळा दाबलं. नोकरी निकालावर आहे, पेंग्विनवर नाही. पेनड्राइव्ह मी जपून ठेवला आहे. सेवानिवृत्तीनंतर नक्की बघणार.

14 ऑक्टोबरला मंगळवार होता. सकाळपासून ओसरीत रांग. दहा बंद होण्याआधी सातबारा काढून घ्यावा म्हणून लोक आले होते. 8 नोव्हेंबर 2016 ची, नोटाबंदीची रात्र गाव विसरलेलं नाही. “जुन्या प्रिंटा उद्यापासून चालतीन नं गुरुजी?” असं तिघांनी विचारलं. एकानं तर 2019 चा कागद बदलून मागितला. संध्याकाळी सोयाबीनचं काम आटोपून चार-पाच जण पुन्हा आले आणि कॉम्प्युटरभोवती बसले. काही बोलायचं नव्हतं. बायकोनं दोनदा चहा केला. बारा वाजले. काही झालं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली.

अंधारात कोणीतरी हळूच म्हणालं, “गेला.”

आतून बायको धावत आली, “कोन गेलं? कोन गेलं?”

एकच्या सुमारास लाइन आली आणि तो नेहमीसारखा घरघरत उठला. मंडळी जरा नाराज होऊन घरी गेली.

शेवटी तोडगा निघाला तो भाच्याच्याच फोनवरून. कंपनी घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष जागल देते, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. तीस डॉलर भरा, नाहीतर आपल्या कॉम्प्युटरच्या सेटिंग त्यांच्याकडे ठेवायला द्या, मग पैसे नाहीत. मी दुसरं निवडलं. त्यासाठी खातं लागलं, खात्याला पासवर्ड लागला, पासवर्डला एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागलं. चिन्ह म्हणून मी टक्का टाकला.

काकाजींना मी त्यांच्या भाषेत सांगितलं, “सालगडीच समजा. साल ठरलं एक वर्षाचं.”

“पाडवा तं मार्चात असते.”

“यांचा ऑक्टोबरात असतो.”

“किती ठरले? जवारीचे पोते किती?”

“काहीच नाही. फुकट.”

काकाजींनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला, पुन्हा घातला आणि कॉम्प्युटरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “गुरुजी, पैसे घेनारा गडी परवडते. फुकट राहीन म्हनते त्याच्यावर ध्यान ठेवा. तो खाते कुठं हे पाहा.”

ते गेल्यावर मी ओसरीचा दिवा मालवला. मॉनिटरवर करोनातला वेबकॅम अजून तसाच बसलेला होता. कीबोर्डमागे दसऱ्याचं आपट्याचं पान वाळून पडलं होतं. ते उचललं, चिकटपट्टी शोधली आणि कॅमेऱ्यावर लावून टाकलं.