बांधावरच्या फेऱ्या आणि ओटीवरची खुर्ची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाहेरच्या आधारावर न विसंबता आतून खंबीर व्हा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "आतून खंबीर व्हा हे फ्लॅटमधल्यांना ठीक. आमच्याकडे बांधावर नजर नसली तर शेजारी दर पावसाळ्यात गडगा (हद्दीवरची दगडी भिंत) हातभर आत सरकवतो. वडिलांची ओटीवरची खुर्ची हलवली तर त्यांचा दिवस बिघडतो. माणसाला धरून ठेवतात त्या जागा आणि सवयीच."

आधी बांधाचं. हद्द सोडा असं मला म्हणायचं नव्हतं. लेखात ते स्पष्ट यायला हवं होतं. हद्द कागदावर पक्की करावी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, लगतच्या खातेदारांना नोटीस गेली ना ते बघा, खुणा दाखवतील तिथे त्याच दिवशी दगड रोवा, फोटो काढा, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घरात ठेवा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते.

इथे काम संपायला हवं, पण अनेकांचं संपत नाही. 'क' प्रत कपाटात असते आणि माणूस दिवसातून चारदा गडग्यापर्यंत जातो. बघून आलं की जीव भांड्यात पडतो. गोम तिथेच आहे. "मी बघितलं म्हणून वाचलं" असं मन शिकतं. न बघताही दगड जागेवरच होता, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. मग चाराच्या पाच फेऱ्या होतात.

सोडवायचं कसं? पहिला आठवडा फक्त मोजा: फेरीची वेळ आणि निघतानाची धाकधूक, शून्य ते दहा. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक फेरी अर्धा तास पुढे ढकला. धाकधूक चढेल आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात आपसूक उतरू लागेल. ती ऐन भरात असताना उठलात तर मन उलटाच धडा घेतं, म्हणून तेवढा वेळ निभावायचा. मग सर्वांत सोपी फेरी बंद, पुढे आठवड्याला एकेक. शेवटी ठरलेल्या वारी एकच उरावी. पावसाळ्यात दोन ठेवा, कारण पाण्याने गडगा खरोखरच ढासळतो आणि त्याचा दोष दर वेळी शेजाऱ्याचा नसतो!

फसतं ते पळवाटांनी. स्वतः जात नाहीत, पण पोराला पाठवतात; माडीच्या खिडकीतून डोकावतात; बायकोला "सगळं ठीक ना?" विचारतात. त्याही फेऱ्याच. दीर्घ श्वासाचंही तेच. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, हे रोज निवांत असताना करा. भीती घालवायला म्हणून ऐन वेळी केलंत तर तोही एक टेकू होतो.

सवय की टेकू, हे ती चुकल्यावर कळतं. तुळशीपाशी दिवा लावायला उशीर झाला आणि चुटपुट लागली, तर ती सवय. खुर्चीत पाहुणा बसला म्हणून घास उतरेना, तर टेकू. मात्र वडिलांना विसर पडत असेल, दिवस-रात्रीचा गोंधळ होत असेल, तर हे काहीही त्यांच्यावर करू नका. स्मृतिभ्रंशात ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हाच आधार असतो. डॉक्टरांना दाखवा, आणि गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं तरी त्यांचा कोपरा राखा.

जागा धरून ठेवते म्हणता, तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढ्या काळात उपयोगी पडतं ते माणसाबरोबर हिंडणारं: कलम बांधायचा हात, चार घरी मदत मागायची सवय, आणि याआधी काय काय निभावलं त्याची वहीतली नोंद. ही वही आजच घाला. फेऱ्यांची नोंदही तिच्यातच चालेल.

पहिल्या आठवड्याचा आकडा इथेच लिहा. मग कुठली फेरी आधी सोडायची ते बघू.