‘एवढ्यात जुलाब झाले होते का?’

मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला, कोथरूडमधल्या एका दवाखान्यात, चौदा पेशंट आणि सही घ्यायला आलेला एक कुरिअरवाला यांच्या साक्षीने मला खणखणीत आवाजात विचारण्यात आलं, “काका, तुम्हाला एवढ्यात जुलाब झाले होते का?”

विचारणारी रिसेप्शनवरची मुलगी. वय बावीसच्या आसपास. माझं 46. खरं तर मी ‘काका’पाशीच अडलो होतो, पण जुलाबांनी त्याला मागे टाकलं.

“नाही,” मी म्हणालो.

तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “गणपतीत आला होतात की. तीन दिवस.”

कुरिअरवाल्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आपला कागद घेऊन निघून गेला.

प्रकरण एवढंच, की मला स्कूबा डायव्हिंग शिकायचं आहे. इथल्या पोहण्याच्या तलावात धडे घ्यायचे, मग परदेशात कुठेतरी खऱ्या समुद्रात चार डाइव्ह मारायचे, की 18 मीटरपर्यंत उतरायचा परवाना हातात. मात्र त्यासाठी एक प्रश्नावली भरावी लागते. दहा प्रश्न, हो की नाही. त्यात दुसराच प्रश्न : वय 45च्या वर आहे का? तिथे ‘हो’ म्हटलं की पुढच्या चौकटीत ढकलतात. त्या चौकटीत कोलेस्टेरॉल दबा धरून बसलेलं असतं. त्यालाही ‘हो’ म्हटलं की डॉक्टरांची सही आणा. आमचे डॉक्टर म्हणाले, फॉर्म बाहेर भरून घ्या, मग आत या. आणि फॉर्म इंग्रजीत असल्यामुळे त्या मुलीने तो माझ्या, आणि ओघाने सगळ्यांच्याच, सोयीसाठी मराठीत आणि मोठ्याने वाचला. दमा, फिट, हर्निया, मानसिक आजार, सगळं. प्रत्येक ‘नाही’नंतर कोपऱ्यातल्या एक आजी “बरं झालं बाई” म्हणत होत्या.

“हे एवढं कशासाठी?” असं विचारत तेव्हा ते गृहस्थ माझ्या आयुष्यात आले.

डाव्या गुडघ्याला पट्टा, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, खिशाला दोन पेनं. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. हे मला विचारावं लागलं नाही.

“समुद्रात खाली उतरायला,” मी म्हणालो.

“कुठल्या?”

“अजून ठरलं नाही.”

हीच चूक झाली. पुण्यात चार माणसांसमोर ‘ठरलं नाही’ म्हणणं म्हणजे जाहीर निविदा काढणं. त्यातून ज्यांचा जन्म निविदा उघडण्यात गेला, त्यांच्यासमोर. काकांनी एक्स-रे बाजूला ठेवला.

“पाण्याचं मला सांगू नका,” ते म्हणाले. मी काहीच सांगितलं नव्हतं. “पाण्यात आयुष्य गेलं माझं. एकसष्ट साली पानशेत फुटलं तेव्हा आमच्या शनिवारातल्या वाड्यात माळ्याला पाणी लागलं होतं. आठ वर्षांचा होतो मी. कुठला सिलिंडर, कुठलं काय! आईने बखोटीला धरलं आणि वर काढलं. तिने नाही कुणाची सही आणली.”

यावर काय बोलणार? 12 जुलै 1961 हा पुणेकराचा हुकमाचा एक्का आहे. तो पडला की समोरच्याने पानं खाली ठेवायची.

“तर पर्याय काय काय आहेत?” काका.

माझ्याकडे पर्यायांची एक्सेल फाइल आहे. तीन महिने खपून केली आहे. उभ्या रांगेत देश, आडव्या रांगेत महिने, पावसाळा निळा, परवडत नाही ते लाल. मला मनापासून जायचंय ते बालीला, तुलांबेनच्या किनाऱ्यावर. तिथे ‘लिबर्टी’ नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज पाण्याखाली आहे. 1942च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला, ते कसंबसं ओढत किनाऱ्याला आणून टेकवलं, आणि तिथे ते एकवीस वर्षं पडून राहिलं. 1963 साली आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी ते परत समुद्रात घसरलं. आता त्याच्यावर प्रवाळ उगवलेत. होडीसुद्धा लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. पण आम्हाला सुट्टी नाताळात, आणि बालीत तेव्हा पाऊस.

“म्हणजे बुडालेलं बघायला जायचं?” काकांनी खात्री करून घेतली. “त्याला बाली कशाला? माझ्या मेव्हण्याने भिशीत पैसे घातलेत. चला, दाखवतो. प्रवाळसुद्धा उगवलं असेल.”

दवाखाना हसला. ब्लडप्रेशरवाले, मधुमेहवाले, सगळे. नेब्युलायझर लावलेलं एक पोरसुद्धा मास्कच्या आतून हसलं.

मी थायलंड काढलं. सिमिलन बेटं. ती मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दरवर्षी बंदच असतात, डिसेंबरात उघडी. पण फाइलमधला नाताळचा चौकोन असा रक्तासारखा लाल, की बायको म्हणाली, “हा रंग कोलेस्टेरॉलला चांगला नाही.”

“थायलंड?” काका जरा सरकून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “सहकुटुंब?”

“सहकुटुंब.”

“मग काय उपयोग,” ते म्हणाले, आणि आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की थायलंड तिथेच संपलं.

मग मालदीव. मालदीवच्या नादी मी लागलो ते हनिफारूमुळे. बा प्रवाळद्वीपातली ही एक चिमुकली खाडी. तिथे जून ते नोव्हेंबरमध्ये प्लवक साचतं आणि ते खायला मांटा मासे झुंडीने येतात. आणि तिथला नियम असा, की 2012पासून या खाडीत सिलिंडर लावून उतरायचंच नाही, नळी तोंडात धरून वरच्या वर तरंगायचं. म्हणजे ज्याच्यासाठी मी स्कूबा शिकतोय, ते स्कूबा न शिकलेल्यांनाच बघायला मिळतं. नियम चांगलाच आहे, माशांच्या बाजूने पाहिलं तर. मी पाहू शकत नाही.

“मांटा म्हणजे?” भिंतीकडेच्या एक मावशी पहिल्यांदाच बोलल्या. मी हात पसरून आकार दाखवला. चपटा, मोठे पंख, मागे शेपटी.

“वागळी!” मावशी मालवणच्या निघाल्या. “आमच्याकडे तिचं झणझणीत कालवण करतात. तिथे कशी मिळते?”

“खायची नाही. बघायची.”

“नुसती?”

त्या ‘नुसती’त माझी तीन महिन्यांची मेहनत, पासपोर्टचं नूतनीकरण आणि तलावाची फी, सगळं एकदम बुडालं.

काकांना मात्र मालदीव आवडलं, कारण मी चुकून ‘प्रवाह’ म्हणालो. बेटांमधल्या ज्या वाटांतून समुद्र आत-बाहेर करतो, त्यांना तिथे कांडू म्हणतात, आणि डाइव्हर त्या प्रवाहाबरोबर वाहत जातात. काकांनी खिशातलं एक पेन काढलं. “किती क्युसेक?”

“माहीत नाही.”

“काटछेद काय आहे?”

“काका, मला खरंच माहीत नाही.”

“विसर्ग माहीत नाही आणि निघालात उतरायला!” त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर एक कालवा काढला. मग त्याला दरवाजे काढले. मालदीवला दरवाजे नसतात हे मी सांगितलं नाही. माझा नंबर अकरावा होता आणि आत चौथा गेला होता.

“आणि खोल किती?”

“18 मीटर. दहा मीटरला दाब दुप्पट होतो. कान दुखतात. म्हणून नाक दाबून फुंकर मारायची आणि कानांत हवा सोडायची.”

“नाक दाबलं की तोंड उघडतं,” काका म्हणाले.

मी थांबलो. तलावात पहिल्या रविवारी आम्हाला अर्धा तास हेच शिकवलं होतं, की नाक दाबा पण तोंडातली नळी सोडू नका. सोडली तर काय होईल ते सांगायची गरज मास्तरांना वाटली नव्हती. आता ही म्हण डोक्यात बसली. परवा तलावात पाच फूट पाण्यात नाक दाबलं आणि मला पाकिटावरचा तो कालवा दिसला.

“वर येताना सावकाश यायचं,” मी उगीचच पुढे बोलत राहिलो. “रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. भसकन आलं तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमानातसुद्धा बसायचं नाही.”

“अठरा तास हॉटेलात? चेक-आउट बाराला असतं,” काका म्हणाले. ही अडचण माझ्या फाइलमध्ये नव्हती.

“आणि खाली बोलता येत नाही, तर खुणा असतात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. नुसता अंगठा दाखवायचा नाही. अंगठ्याचा अर्थ, वर जाऊ या.”

“वर?”

“वर म्हणजे... पाण्याच्या वर.”

“वर म्हणजे वरच,” काका म्हणाले, आणि आजींनी हात जोडले.

त्यानंतर त्यांनी निकाल दिला. पेनाचं टोपण लावलं, हे महत्त्वाचं. “हे बघा. जगातले सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत. बरोबर? म्हणजे पाणी एकच. पातळी एकच. मग मालदीवचं पाणी महाग आणि मालवणचं स्वस्त, हे कोण ठरवतं? मावशींच्या गावी उतरा. तेच पाणी. वर कालवण.” मग त्यांनी चक्क मत घेतलं. मालवणला अकरा हात वर गेले. दोघे तटस्थ राहिले, त्यातला एक झोपला होता.

मालवण मी केलंय हो. दोन वर्षांपूर्वी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, होडीतून उतरून. एका पोराने मागून माझा सिलिंडर मानगुटीसारखा पकडला होता, दुसऱ्याने पाव कुस्करून मासे गोळा केले, तिसऱ्याने व्हिडिओ काढला. मला कुणी पोहू दिलं नाही. मांजरीने पिल्लू न्यावं तसं मला इकडून तिकडे नेलं. वर आल्यावर म्हणाले, “काका, मस्त केलंत!” मी काय केलं? मी लोंबकळलो. त्या दिवशीच मी ठरवलं होतं की एकदा तरी आपल्या पायाने, म्हणजे आपल्या पंखाने, कुणी मानगूट न धरता खाली जायचं. ते कुठे, हे ठरवायचा हक्क तरी माझा असावा, एवढीच अपेक्षा होती.

आणि आता लिहायला बसलोच आहे तर सांगतो. याच कोलेस्टेरॉलसकट वीस वर्षांच्या गृहकर्जावर सह्या केल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही की छातीत दुखतं का. मुलाच्या क्लासची फी भरताना, रोज जाऊन-येऊन तीन तास रहदारीत बसताना, अप्रेझलच्या खोलीत साहेबाकडे बघून हसताना कुणी फिटनेस मागितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण निरुपयोगी गोष्ट करायला निघालो, तर दहा प्रश्न, एक चौकट, अकरा मतं. बारा दिवसांत नऊ देश असलं काही सांगितलं असतं, तर याच काकांनी ठेपले किती न्यायचे ते सांगितलं असतं. माणसाला बसमधून उतरून फोटो काढायचे असतील तर तो शहाणा, आणि सहा मजले खाली जाऊन गप्प बसायचं असेल तर त्याचे जुलाब काढायचे.

असो. अकरावा नंबर आला.

डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. “कुठे निघालात?” म्हणाले. मी म्हटलं, मालवण सोडून कुठेही. त्यांनी तेलकट खाण्याबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, पुन्हा कोलेस्टेरॉल आणि पट्ट्यावर पळायची टेस्ट लिहून दिली. “मंगळवारी रिपोर्ट घेऊन या, मग सहीचं बघू.” आणि जाता जाता एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. जुलाबाच्या प्रश्नापुढे ‘हो’वर खूण होती. रेकॉर्डप्रमाणे.

बाहेर आलो तर काकांचा नंबर लागला होता. एक्स-रेचं पाकीट, त्यावर दरवाजे असलेला मालदीव, काखेत धरून ते लंगडत आत निघाले. दारात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.

त्यांच्या गुडघ्यातलं इंजेक्शन मंगळवारी आहे. मी पावणेसातचीच वेळ घेतली होती, ती आता सव्वाआठ करून घेतली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “चालेल काका. ते साडेआठला येणार आहेत.”