शालू डाळिंबी की विटकरी

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याकडे लोक दोनच तक्रारी घेऊन येतात: आमच्या आत्या कुठेच दिसत नाहीत, आणि रंग असा काय आलाय? आत्यांवर इलाज आहे. त्या पंगतीत कुठेतरी सापडतात, त्यांना दोन-तीन सेकंद देता येतात. रंगाच्या तक्रारीला मात्र तळ नाही.

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत माझी एडिटिंगची खोली आहे. भिंती राखाडी, खिडकीला जाड पडदा, मॉनिटर वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून बसवलेला. एवढा बंदोबस्त एवढ्यासाठी, की फाइलमध्ये रंग नसतातच, नुसते आकडे असतात, आणि ते पडद्यावर खरे उतरायला हवेत. मग फाइल माझ्या दारातून बाहेर पडते आणि घरोघरी टीव्हीच्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये बघितली जाते. शोरूमच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असलेला हा मोड लोक दिवाणखान्यातही वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. त्यात हळदीच्या कार्यक्रमात कुणाला हळद लागलीय आणि कुणाला नाही, ते ओळखू येत नाही.

परवाच्या लग्नात नवरी आईचा शालू नेसली होती. घरच्यांनी आईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कुठूनतरी कॉम्प्युटरवर उतरवून आणली. आधी आई बोहल्यावर, लगेच त्याच शालूत लेक, अशी त्यांची कल्पना. कल्पना छान होती, मलाही आवडली. फिल्म घरी गेली आणि संध्याकाळी काकूंचा, म्हणजे नवरीच्या आईचा फोन आला.

"अहो दादा, माझा शालू डाळिंबी आहे. तुम्ही तो विटकरी केलात."

"काकू, मी रंगाला हातही लावलेला नाही."

"मग लेकीच्या अंगावर डाळिंबी कसा? विहीणबाई मला विचारतात, 'हा नवीन घेतलात का?' चारचौघांत सांगून बसलेय मी, माझाच नेसलीय म्हणून."

म्हणजे आता हा व्हिडिओच्या तंत्राचा प्रश्न राहिला नव्हता, अब्रूचा झाला होता.

कारण मला फाइल उघडल्याबरोबर कळलं. व्हिडिओत उजेड वेगळा आणि रंग वेगळा साठवतात, आणि उजेडाचा हिशेब मांडायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या टीव्हीच्या चित्रासाठी 601, हे मानक 1982 चं. एचडीसाठी 709, ते 1990 चं. 601 मध्ये उजेडात हिरव्याचा वाटा 0.587 आणि लालचा 0.299. 709 मध्ये हिरवा 0.7152 वर चढला आणि लाल 0.2126 वर घसरला. कोणत्या हिशेबाने आकडे मांडलेत ते सांगणारा टॅग फाइलला असावा लागतो. कॅसेट उतरवणाऱ्याने तो लावलेलाच नव्हता. 720 बाय 576 ची, म्हणजे जुन्या टीव्हीच्या मापाची आणि 601 च्या हिशेबाची ती फाइल एडिटिंगच्या एचडी टाइमलाइनवर आली आणि सॉफ्टवेअरने आपल्या मनाने 709 धरलं. तसं झालं की लाल नारिंगीकडे सरकतो. चेहरे, मांडव, झेंडूच्या माळा सगळं खपून जातं. अडकतो तो शालू. ज्यांनी ही मानकं ठरवली त्यांच्यापुढे बहुधा कोणी काकू बसल्या नसाव्यात.

हे सगळं मी फोनवर समजावलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी शालू घेऊनच येते."

आल्या. बरोबर काका, गोखले रोडवर गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून आधीच तापलेले. मलमलच्या कापडातून शालू निघाला आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. मी त्या क्लिपच्या सेटिंगमध्ये 709 चं 601 केलं. पडद्यावरचा विटकरी सरकत सरकत डाळिंबाजवळ आला. काकूंनी पदर मॉनिटरला लावून पाहिला.

"आलाय. पण कडा अशा फुटल्यात का?"

त्याला मात्र कॅसेटच जबाबदार. व्हीएचएसवर रंगाला उजेडापेक्षा फारच कमी जागा मिळते, त्यामुळे लाल रंग आपली हद्द सोडून शेजारी पसरतो.

"तेच म्हटलं," काका पहिल्यांदाच पडद्याजवळ वाकले. "माझं उपरणं पांढरंशुभ्र होतं. हे गुलाबी दिसतंय."

"तुमच्या उपरण्याकडे कोण बघतंय?" काकू म्हणाल्या.

मग त्यांना शंका आली, की माझ्या खोलीतल्या दिव्याचाच काही दोष असेल. शालू गॅलरीत नेला. उन्हात तो तिसराच दिसला, रक्तासारखा लाल, जर पिवळीधमक. काकू विचारात पडल्या. "दुकानात असाच दिसला होता का हो?"

"दुकानात मी बाहेर उभा होतो," काका म्हणाले.

शेवटी गॅलरीतला नाही, मॉनिटरवरचाच डाळिंबी कायम झाला. पुन्हा एक्सपोर्ट, या वेळी दोन पासमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला फिल्म दोनदा चाळायला लावून, बिटरेट (दर सेकंदाला दिलेला डेटा) सढळ, टॅग नीट 709 चा. तरी कटकट संपली नाही. जावईबापूंनी फिल्म लॅपटॉपवरून टीव्हीला जोडून पाहिली आणि त्यांचा काळा बंदगळा राखाडी झाला. फाइलमध्ये काळा 16 वर असतो आणि पांढरा 235 वर. लॅपटॉप आणि टीव्हीच्या मधल्या कुणीतरी हा पल्ला ताणून 0 ते 255 केला नाही, की सगळ्यावर दुधी साय धरते. लॅपटॉपची एक सेटिंग बदलायची होती, ती फोनवर बदलून घेतली. फॅमिली ग्रुपवर तर फिल्म इतकी दाबली गेली, की हळदीच्या मागचा पिवळा पडदा पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागला. तो डिझाइनचा पडदा आहे असं परस्पर ठरलं आणि मंडपवाल्याचं कौतुक झालं. मी ते खोडून काढलं नाही.

काकूंनी नवी फिल्म विहीणबाईंना मुद्दाम घरी बोलावून दाखवली. रात्री मला फोन केला. आवाज पडलेला.

"काय झालं काकू? पुन्हा विटकरी?"

"नाही हो, दोन्ही अगदी सारखे दिसतात."

"मग?"

"विहीणबाई म्हणाल्या, हल्ली कॉम्प्युटरवर काय काय करता येतं, नाही?"